खुर्ची एका राज्यात, कंपनी दुसऱ्या: अमेरिकेत दूरून काम करणाऱ्यांचा पगार, रजा आणि हक्क

ऑक्टोबरातल्या एका दुपारी आमच्या पेरोल विभागाच्या इनबॉक्समध्ये दोन ओळींचा मेल आला. ‘पत्ता बदलायचाय, पण पोर्टल घेत नाहीये. जरा बघता का?’ जुना पत्ता डॅलसचा, नवा सॅन होजेचा. पोर्टल घेत नव्हतं, कारण आमच्या कंपनीचं कॅलिफोर्नियात पेरोलचं खातंच नव्हतं. फोन करून विचारलं, कधी गेलास? तो म्हणाला, ‘फेब्रुवारीत. काम तेच, लॅपटॉप तोच, म्हणून म्हटलं सावकाश कळवू, ताई.’

टेक्ससमध्ये पगारावर राज्याचा कर नाही. म्हणजे फेब्रुवारीपासून त्याच्या हातात दर पंधरवड्याला जी वाढीव रक्कम पडत होती, तिच्यातला एक हिस्सा त्याचा नव्हताच. तो कॅलिफोर्नियाचा होता आणि कधीतरी एकदम मागितला जाणार होता.

अशा घोळांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच समजूत असते: कंपनी जिथली, नियम तिथले. प्रत्यक्षात तुमची खुर्ची ज्या राज्यात आहे, तिथल्या कायद्याने बहुतेक गोष्टी चालतात. बहुतेक म्हणतेय, सगळ्या नाहीत. अपवाद मोजकेच आहेत, पण माणसं नेमकी त्यांच्यातच अडकतात. मी वकील नाही, सीपीएही नाही. पेरोलच्या टेबलावर बसून जे रोज निस्तरावं लागतं, ते इथे क्रमाने मांडते.

पायरी १: कागदावर तीन पत्ते लिहा

पहिला पत्ता, तुम्ही प्रत्यक्ष बसून काम करता त्या घराचा. दुसरा, तुम्ही ज्या ऑफिसला रिपोर्ट करता किंवा जिथून तुम्हाला काम नेमून दिलं जातं त्याचा. हा बहुधा ऑफर लेटरमध्ये सापडतो. तिसरा, कंपनीच्या मुख्यालयाचा. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर चौथाही लिहा: तुमच्या एलसीएवर (या व्हिसासाठी कंपनी फेडरल कामगार खात्याकडे देते तो अर्ज) कामाची जागा म्हणून छापलेला पत्ता.

किमान वेतन, ओव्हरटाइम, आजारपणाची रजा, खर्चाची भरपाई, बेकारी विमा हे सगळं पहिल्या पत्त्यावरून ठरतं. प्राप्तिकर साधारण पहिल्यावरून, पण काही राज्यांत दुसऱ्यावरूनही. एफएमएलए या फेडरल कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेची पात्रता दुसऱ्यावरून. व्हिसा चौथ्यावरून. तिसरा पत्ता, ज्यावर सगळ्यांचा भर असतो, तो जवळजवळ कुठेच उपयोगी पडत नाही.

पायरी २: सामान बांधायच्या आधी लेखी विचारा

मॅनेजरला टीम्सवर ‘मी जरा नॉर्थ कॅरोलिनाला शिफ्ट होतोय’ म्हणणं आणि त्याने अंगठा दाखवणं, याला कळवणं म्हणत नाहीत. मॅनेजरला बहुतेक वेळा यातलं काही माहीत नसतं. मेल एचआर आणि पेरोल दोघांना करा आणि त्यात चारच गोष्टी लिहा: नवा पत्ता, तिथे काम सुरू करण्याची तारीख, मुक्काम कायमचा की ठरावीक महिन्यांचा, आणि कंपनीची त्या राज्यात नोंदणी आहे का हा प्रश्न.

कंपनी कधी कधी ‘त्या राज्यात नको’ म्हणते. लोकांना तो आडमुठेपणा वाटतो. पण तुमच्या एकट्याच्या जाण्याने कंपनीला तिथे कर कापण्याचं खातं उघडावं लागतं, बेकारी विम्याचं खातं वेगळं आणि कामगार अपघात विमा आणखी वेगळा. ओहायो, नॉर्थ डकोटा, वॉशिंग्टन आणि वायोमिंग या चार राज्यांत तर तो विमा खासगी कंपनीकडून घेताच येत नाही, राज्याच्या निधीतूनच घ्यावा लागतो. शिवाय कंपनीवरच तिथला कर लागू शकतो. मेरीलँडच्या टेलिब्राइट नावाच्या कंपनीची एक कर्मचारी न्यूजर्सीतल्या आपल्या घरून सॉफ्टवेअर लिहायची. तेवढ्या एका कर्मचाऱ्यामुळे कंपनीने न्यूजर्सीचा कॉर्पोरेट कर भरला पाहिजे, असा निकाल तिथल्या अपील कोर्टाने २०१२ साली दिला. तेव्हापासून फायनान्सवाल्यांना नवं राज्य म्हटलं की घाम फुटतो.

म्हणून नकार आला तर भांडण्याआधी विचारा, कोणत्या राज्यांत तुमची नोंदणी आधीच आहे? खूपदा उत्तर निघतं की पलीकडच्या राज्यात आहे, आणि तुमचं घरभाडं अजून ठरलेलं नसतं.

पायरी ३: एच-१बीवर असाल तर हे आधी, बाकी सगळं नंतर

कर चुकला तर दंड भरून सुटता येतं, स्टेटस गेलं तर तसं सुटता येत नाही. एलसीए एका ठरावीक भागासाठी असतो. यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या अपील कार्यालयाने एप्रिल २०१५ मध्ये सिमिओ सोल्यूशन्स प्रकरणात स्पष्ट केलं की कामाची जागा नव्या एलसीएची गरज पडेल इतकी बदलली, तर सुधारित अर्ज करावाच लागतो. तोही नव्या जागी काम सुरू करण्याआधी. मंजुरी येईपर्यंत थांबावं लागत नाही, पण अर्ज दाखल झालेला हवा.

त्याच महानगर क्षेत्रात घर बदललं तर सुधारित अर्ज लागत नाही. एडिसनहून जर्सी सिटीला गेलात तर दोन्ही न्यूयॉर्क महानगरातच येतात. एडिसनहून फिलाडेल्फियाला गेलात तर क्षेत्र बदललं. मात्र त्याच क्षेत्रातही नव्या जागी एलसीएची नोटीस दोन ठळक ठिकाणी १० दिवस लावावी लागते. घरून काम म्हणजे जागा तुमचं घर. माझ्या एका मैत्रिणीने एक फ्रिजवर आणि एक कपड्यांच्या खोलीच्या दारावर चिकटवली, दोन्हीचे तारखेसकट फोटो काढले आणि वकिलाला पाठवले. घरी आलेल्या सासूबाईंना तिचा पगार फ्रिजवर वाचायला मिळाला, ही त्यातली एकच अडचण.

‘थोडे दिवस तर जातोय’ या सबबीलाही मर्यादा आहे. वर्षात साधारण ३० कामाच्या दिवसांपर्यंतची सवलत आहे, पण त्या काळातला राहण्याचा आणि प्रवासाचा खर्च कंपनीने देण्यासारख्या अटींसह. बहिणीकडे राहून आपल्या मर्जीने काम केलं तर ती त्यात बसवणं अवघड. वकिलाला आधी विचारा.

नव्या भागातलं प्रचलित वेतन जास्त असेल तर कंपनीला पगार त्या पातळीवर न्यावा लागतो. उलट ‘आता स्वस्त गावात गेलास, पगार कमी करतो’ म्हणाले, तर नव्या एलसीएतल्या किमान आकड्याखाली त्यांना जाता येत नाही. एच-१बीच्या अर्जाचा कंपनीने करायचा खर्च तुमच्या पगारातून कापणंही चालत नाही. आणि प्रोजेक्ट नाही म्हणून बिनपगारी ‘बेंच’वर बसवणं बेकायदा आहे, राज्य कुठलंही असो.

ग्रीन कार्डच्या पर्म प्रक्रियेत, म्हणजे कामगार खात्याच्या मंजुरीच्या टप्प्यात, असाल तर तिथेही कामाची जागा छापलेली असते. तिचं काय करायचं हे प्रत्येकाच्या टप्प्यावर अवलंबून आहे. कंपनीच्या वकिलाशी बोलल्याशिवाय हलू नका. व्हिसा कोणताही असला तरी घर बदलल्यापासून १० दिवसांत एआर-११ फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि तेच सगळे विसरतात.

पायरी ४: पे स्टब उघडा आणि ओळ-ओळ वाचा

खात्यात किती जमा झाले तेवढं बघून स्टब, म्हणजे पगाराची स्लिप, मिटवायची सवय आपल्यापैकी बहुतेकांना असते. नव्या पत्त्यानंतरचा पहिला स्टब मात्र बोट ठेवून वाचायचा.

सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के, मेडिकेअर १.४५ टक्के. या दोन ओळी सगळीकडे सारख्या, त्या सोडून द्या. खरी गंमत राज्याच्या ओळींत आहे.

साधा नियम असा की काम जिथे होतं तिथलं राज्य त्या कमाईवर कर लावतं, आणि तुम्ही जिथले रहिवासी ते राज्य तुमच्या सगळ्या कमाईवर. दोन्ही एकच असतील तर प्रश्न मिटला. अलास्का, फ्लोरिडा, नेव्हाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सस, वॉशिंग्टन आणि वायोमिंग या नऊ राज्यांत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही. तिथून बसून काम करणाऱ्याच्या स्टबवर ती ओळ नसणंच बरोबर.

अपवाद क्रमांक एक: न्यूयॉर्क. तुमचं नेमून दिलेलं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीने न्यूजर्सी किंवा कनेक्टिकटमधल्या घरून काम करत असाल, तर ते घरचे दिवसही न्यूयॉर्क आपलेच दिवस मानतं. एडवर्ड झेलिन्स्की नावाचे कायद्याचे प्राध्यापक कनेक्टिकटमधल्या घरी बसून केलेल्या कामावरच्या या कराविरुद्ध लढले आणि २००३ साली न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयात हरले. कायदा शिकवणाऱ्याची ही गत, तेव्हा आपण फॉर्मवर ‘मी घरीच असतो’ लिहून सुटणार नाही. पेनसिल्व्हेनिया आणि डेलावेअरचेही असेच नियम आहेत.

अशा वेळी तुमचं राहतं राज्य दुसरीकडे भरलेल्या कराची वजावट देतं, म्हणून एकाच पगारावर पूर्ण कर दोनदा बसत नाही. न्यूजर्सीच्या रिटर्नमध्ये त्यासाठी वेगळी पुरवणी असते. पण ही वजावट तुमच्या राज्यात त्या कमाईवर जेवढा कर बसला असता तेवढीच मिळते. न्यूयॉर्कचा दर चढा असेल तर वरचा फरक तुमच्या खिशातून जातो. आणि फ्लोरिडात राहून हा नियम लागू झाला, तर वजावट द्यायला तिथे करच नाही.

अपवाद क्रमांक दोन सुखाचा आहे. काही शेजारी राज्यांनी आपसात करार केलेत की पगारावरचा कर फक्त राहत्या राज्याने घ्यायचा. न्यूजर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात तो आहे. व्हर्जिनिया, मेरीलँड आणि वॉशिंग्टन डीसी यांच्यातही आहे. इलिनॉयचा आयोवा, केंटकी, मिशिगन आणि विस्कॉन्सिनशी आहे. न्यूजर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये नाही. हे करार आपोआप लागू होत नाहीत, कंपनीला एक छोटा फॉर्म भरून द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात राहून न्यूजर्सीत काम करणाऱ्याचा एनजे-१६५, उलट दिशेचा आरईव्ही-४१९. हा फॉर्म न दिल्यामुळे वर्षभर चुकीच्या राज्यात कर जातो आणि मग तो परत मागत बसावं लागतं.

शहराचा करही बघा. फिलाडेल्फियाचा वेज टॅक्स त्या करारात येत नाही. पण कंपनीनेच तुम्हाला शहराबाहेरच्या घरून काम करायला लावलं असेल, तर बाहेर राहणाऱ्याला त्या दिवसांचा तो लागत नाही. ‘कंपनीने लावलं’ याचा कागद मात्र हवा. ऑफर लेटरमध्ये ‘रिमोट’ हा शब्द असणं इथे सोन्याचं ठरतं.

आता स्टबवरची सर्वात कमी वाचली जाणारी ओळ: बेकारी विमा आणि त्याच्या जोडीचे राज्य निधी. हे प्राप्तिकराच्या नियमाने चालत नाहीत. त्यांची चार प्रश्नांची उतरंड आहे. काम एकाच राज्यात होतं का? तसं नसेल तर कामाचा तळ कुठे? तोही नसेल तर सूचना कुठून येतात? तेही जमत नसेल तर राहणं कुठे? पहिल्याच प्रश्नाला ‘हो’ उत्तर आलं की पुढे जायचं नाही. कायम घरून काम करणाऱ्याचं उत्तर तिथेच मिळतं: घराचं राज्य.

म्हणून न्यूजर्सीत राहून न्यूयॉर्कच्या कंपनीचं काम कायम घरून करणाऱ्याच्या स्टबवर दोन राज्यं एकत्र नांदताना दिसतात. प्राप्तिकराच्या ओळीसमोर एनवाय. खाली एनजे एसयूआय (बेकारी विमा), एनजे एसडीआय (आजारपणामुळे काम थांबलं तर मिळणारा विमा), एनजे एफएलआय (कौटुंबिक रजेचा विमा). लोक हे बघून घाबरून फोन करतात, ‘माझे दोन्हीकडे कापताय!’ नाही, हे बरोबर आहे. उलट त्या जागी एनवाय पीएफएल दिसलं, तर फोन करायचा. कारण तुम्ही न्यूयॉर्कच्या रजा निधीत पैसे भरताय आणि पाळणा हलेल तेव्हा अर्ज न्यूजर्सीकडे करणार आहात. न्यूजर्सी विचारणार, तुमच्या नावाने आमच्याकडे पगार कुठे नोंदलाय?

अधूनमधून दुसऱ्या राज्यात जाऊन काम केलं तर काय? काही राज्यं पहिल्या दिवसापासून हक्क सांगतात, काही सवलत देतात. इलिनॉय ३० कामाच्या दिवसांपर्यंत परराज्यातल्या माणसाला सोडतं. वर्षभर कॅलेंडरमध्ये ‘आज कुठे’ एवढी एक नोंद ठेवा, बास.

पायरी ५: रजेचे चार डबे वेगळे ठेवा

‘माझी रजा किती?’ हा प्रश्न एका दमात विचारला जातो, पण त्याची उत्तरं चार वेगळ्या ठिकाणी असतात.

आजारपणाची रजा. ती खुर्चीच्या राज्याप्रमाणे. कॅलिफोर्नियात २०२४ पासून वर्षाला किमान ४० तास किंवा ५ दिवस. न्यूजर्सीत दर ३० तासांच्या कामामागे १ तास, वर्षाला ४० तासांपर्यंत. इलिनॉयमध्ये २०२४ पासून ४० तासांची भरपगारी रजा कोणत्याही कारणासाठी घेता येते, कारण सांगायचीही गरज नाही. टेक्सस आणि फ्लोरिडात खासगी नोकरीसाठी राज्याची अशी सक्ती नाही, कंपनी देईल ते खरं. कंपनीचं हँडबुक टेक्ससमध्ये लिहिलेलं असेल आणि तुम्ही कॅलिफोर्नियात बसला असाल, तर हँडबुकपेक्षा कायदा मोठा.

सुट्ट्यांचा साठा, म्हणजे पीटीओ. इथे राज्याराज्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅलिफोर्नियात साठलेली सुट्टी हे कमावलेलं वेतन आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच ठरवलं. त्यामुळे ‘३१ डिसेंबरला शिल्लक सुट्ट्या बुडाल्या’ असं तिथे करता येत नाही, आणि नोकरी सुटताना शिल्लक सुट्ट्यांचे पैसे द्यावे लागतात. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हाच सूर लावला. दुसरीकडे बऱ्याच राज्यांत कंपनीच्या धोरणात जे लिहिलंय तेच. म्हणून राज्य बदलायच्या आदल्या आठवड्यात शिल्लक सुट्ट्यांचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. कोणती सुट्टी कुठे कमावली, हा प्रश्न वर्षभराने उभा राहिला तर तेवढाच पुरावा असतो. ‘अमर्याद सुट्टी’वाल्या कंपन्यांत साठाच दाखवत नाहीत, त्यामुळे मिळण्यासारखं काही आहे का हेच आधी भांडून ठरवावं लागतं. मला स्वतःला त्यापेक्षा मोजून दिलेले १५ दिवस परवडतात.

एफएमएलए. १९९३ चा हा फेडरल कायदा १२ आठवड्यांची बिनपगारी रजा देतो, नोकरी शाबूत ठेवून. अटी अशा: कंपनीत १२ महिने, गेल्या १२ महिन्यांत १,२५० तास काम, आणि तुमच्या कामाच्या जागेपासून ७५ मैलांत कंपनीचे ५० कर्मचारी. ही शेवटची अट वाचून घरून काम करणारे हिरमुसतात, की माझ्या गावात तर मी एकटाच. पण इथे घर ही कामाची जागा धरत नाहीत. ज्या ऑफिसला तुम्ही रिपोर्ट करता किंवा जिथून काम नेमून मिळतं, ती तुमची जागा. फेडरल कामगार खात्याने फेब्रुवारी २०२३ मध्ये हे पुन्हा लेखी स्पष्ट केलं. त्या ऑफिसच्या ७५ मैलांत ५० जण असतील, आणि त्यात तिथे रिपोर्ट करणारे दूरचे लोकही मोजले जातात, तर तुम्ही पात्र. एचआरने ‘तू रिमोट आहेस, तुला लागू नाही’ म्हटलं तर हेच दाखवा.

आपल्या लोकांसाठी यातली दोन कलमं महत्त्वाची. एक, ही रजा आईवडिलांच्या गंभीर आजारपणासाठी मिळते, ते भारतात असले तरी. तिथल्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालतं. मराठीत लिहिलेलं असेल आणि कंपनीने मागितलं, तर इंग्रजी भाषांतर तुम्हाला द्यावं लागतं. डॉक्टरांकडून कामगार खात्याचाच छापील नमुना भरून घेतला तर ही कटकट वाचते. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा आणि आजाराची सुरुवात व अंदाजे कालावधी हे रकाने रिकामे राहू देऊ नका. एचआरकडून परत येणारी बहुतेक प्रमाणपत्रं या दोन रकान्यांपायी परत येतात. दोन, सासू-सासरे एफएमएलएत बसत नाहीत. मात्र कॅलिफोर्निया, न्यूजर्सी आणि न्यूयॉर्कच्या पगारी कौटुंबिक रजेत बसतात.

चौथा डबा तोच: राज्याची कौटुंबिक रजा. यात पैसे राज्याच्या योजनेतून येतात. कॅलिफोर्निया २००४ पासून देतं, न्यूजर्सी २००९ पासून, न्यूयॉर्क २०१८ पासून. नंतर वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट, ओरेगन, कोलोरॅडो आले. मिनेसोटा आणि डेलावेअरमध्ये जानेवारी २०२६ पासून लाभ सुरू झाले. कॅलिफोर्नियात ८ आठवडे आणि २०२५ पासून वेतनाच्या ७० ते ९० टक्के, न्यूजर्सीत १२ आठवड्यांपर्यंत, न्यूयॉर्कमध्ये १२ आठवडे आणि वेतनाच्या ६७ टक्के, सगळीकडे वरची मर्यादा धरून. कॅलिफोर्निया आणि न्यूजर्सीत अर्ज राज्याकडे करायचा, एचआरकडे नाही. एचआरला फक्त सूचना द्यायची. कंपनी परराज्यातली असेल तर तिथल्या एचआरला तुमच्या राज्याची योजना माहीत असेलच असं नाही, आणि ‘आमच्याकडे असं काही नाही’ हे उत्तर ते मनापासून देतात.

पायरी ६: तास आणि घरचा खर्च

फेडरल किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर अडलंय. कॅलिफोर्नियात २०२६ साठी ते १६.९० आहे. पगारदार माणूस म्हणतो, मला काय त्याचं? त्याचं असं, की ओव्हरटाइममधून सूट असलेला कर्मचारी ठरवायला पगाराचा एक उंबरठा असतो. फेडरल उंबरठा वर्षाला ३५,५६८ डॉलर आहे, कॅलिफोर्नियाचा किमान वेतनाच्या दुपटीवरून निघतो, २०२६ साठी ७०,३०४. म्हणजे ६०,००० पगारावरचा सपोर्टवाला मुलगा टेक्ससमध्ये ‘सॅलरीड’ असेल, तर कॅलिफोर्नियात गेल्यावर तो ओव्हरटाइमचा हक्कदार होतो. आणि तिथे ओव्हरटाइम आठवड्याच्या ४० तासांवरच नाही, दिवसाच्या ८ तासांवरही मोजतात.

खर्चाचं कॅलिफोर्नियाचं लेबर कोड २८०२ हे कलम मी पाठ करून ठेवलंय. कामासाठी आवश्यक खर्च कंपनीने द्यायचा. स्वतःचा फोन कामासाठी वापरावा लागत असेल तर, प्लॅन अमर्याद असला तरी, बिलाचा वाजवी हिस्सा मिळतो, असा निकाल तिथल्या कोर्टाने २०१४ मध्ये दिलाय. इलिनॉयमध्येही २०१९ पासून असा कायदा आहे, पण तिथे खर्च झाल्यापासून ३० दिवसांत पावतीसकट मागणी करावी लागते. बिलं साठवून वर्षअखेर पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जिथे कायदा नाही तिथे धोरण वाचा. ‘टॅक्समध्ये होम ऑफिस दाखवू’ ही वाट पगारदारांसाठी फेडरल रिटर्नमध्ये २०१८ पासून बंद आहे. ती फक्त स्वतःचा धंदा असणाऱ्यांना उघडी आहे.

पायरी ७: करारातली बारीक अक्षरं, आणि निरोपाचा दिवस

ऑफर लेटरच्या शेवटी एक परिच्छेद असतो: ‘हा करार अमुक राज्याच्या कायद्याने चालेल.’ लोक समजतात, संपलं. तसं नाही. किमान वेतन, रजा यांसारखे हक्क सही करून सोडता येत नाहीत. कॅलिफोर्नियात राहून मुख्यतः तिथेच काम करणाऱ्याला दुसऱ्या राज्याचं कोर्ट किंवा कायदा नोकरीची अट म्हणून लादता येत नाही. २०१७ पासूनच्या करारांना हे लागू आहे. करार ठरवताना तुमचा स्वतःचा वकील सोबत होता, तर मात्र नाही. प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नकोस ही अट कॅलिफोर्नियात चालतच नाही, मिनेसोटात १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत चालत नाही. इतर बऱ्याच राज्यांत चालते.

शेवटचा पगार कधी मिळायचा, हेही खुर्चीवरून ठरतं. कॅलिफोर्नियात काढून टाकलं तर त्याच वेळी. न सांगता स्वतः सोडलं तर ७२ तासांत. मुद्दाम उशीर केला तर प्रत्येक दिवसामागे एका दिवसाचा पगार दंड, ३० दिवसांपर्यंत. टेक्ससमध्ये काढल्यापासून ६ दिवसांत. न्यूजर्सीत पुढच्या नेहमीच्या पगाराच्या तारखेपर्यंत. परराज्यातल्या कंपन्या बहुतेक वेळा आपल्या घरच्या नियमाने चेक काढतात, आणि कुणी विचारलं नाही तर तसंच चालतं.

घरी काम करताना पडलात, मनगट गेलं, तर कामगार अपघात विमा घरातही लागू होऊ शकतो. दुखापत कामातून आणि कामाच्या वेळी झालेली असली पाहिजे. त्याच दिवशी मेल करा, किती वाजता आणि काय करताना झालं ते लिहून.

तक्रार करायची तर वेतन आणि रजेसाठी तुमच्या खुर्चीच्या राज्याच्या कामगार विभागाकडे. एफएमएलए किंवा फेडरल वेतनासाठी फेडरल कामगार खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे. एच-१बीच्या पगारासाठी त्याच विभागाचा डब्ल्यूएच-४ फॉर्म, उल्लंघनापासून १२ महिन्यांच्या आत. तक्रार केली म्हणून कंपनीने सूड उगवणं बेकायदा आहे. पण आधी पेरोलला एक शांत मेल करून बघा. निम्म्याहून जास्त प्रकरणं माझ्या टेबलावर एका मेलमध्ये मिटतात, कारण समोरच्याला नियम माहीतच नसतो.

चूक होऊन गेली असेल तर

पहिलं काम, पेरोलला खरी तारीख सांगा. अंदाजे नको. घरभाड्याचा करार किंवा विजेचं पहिलं बिल जोडा. चालू वर्षातली चूक असेल तर कंपनी पुढच्या स्टबमध्ये राज्यवार पगार दुरुस्त करू शकते. वर्ष उलटून डब्ल्यू-२ (वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला) निघाला असेल तर दुरुस्त डब्ल्यू-२सी मागा. चुकीच्या राज्यात कर गेला असेल तर त्या राज्यात अनिवासी रिटर्न भरून परत मागायचा, आणि बरोबर राज्यात तेवढ्यात भरायचा. मधले काही महिने दोन्हीकडे पैसे अडकतात, त्याची तयारी ठेवा.

आमच्या सॅन होजेवाल्याचं ग्रीन कार्ड झालेलं होतं, म्हणून व्हिसाचं संकट टळलं. कंपनीने कॅलिफोर्नियाच्या ईडीडीकडे, म्हणजे पेरोलचे कर बघणाऱ्या राज्य खात्याकडे, खातं उघडलं. मागच्या महिन्यांचा एसडीआय कापायचा राहिला होता, तो कंपनीला भरावा लागला. प्राप्तिकर मात्र त्याचाच. तो थोडा उरलेल्या पगारांतून वाढवून कापला, थोडा त्याने अंदाजित कराचा हप्ता म्हणून स्वतः भरला. त्याने फेब्रुवारीपासूनची इंटरनेटची आणि फोनची बिलं काढली, तेव्हा भरपाईचा चेक त्यालाही आला. मॅनेजरने मला विचारलं, हे का देतोय आपण? मी २८०२ चं कलम पाठवलं.

जानेवारीत त्याचा डब्ल्यू-२ मी पाठवण्याआधी हातात घेऊन बघितला. बॉक्स १५ मध्ये सीए. बॉक्स १६ मधला कॅलिफोर्नियाचा पगार बॉक्स १ पेक्षा डॅलसच्या दिवसांच्या पगाराइतका कमी. त्याला मेल केला, ‘रिटर्न ५४०एनआर भर, वर्षाचा काही भागच तू तिथला रहिवासी आहेस.’ उत्तर आलं, ‘ताई, जूनमध्ये सिॲटलला जायचा विचार आहे. कुणाकुणाला कळवू?’